कुत्र्याला किंवा मांजराला रक्त द्यायची वेळ येते तेव्हा

"अर्जंट! डॉगीला ब्लड हवंय, प्लेटलेट फक्त १८ हजार, प्लीज फॉरवर्ड." पावसाळा सुरू झाला की प्राणीप्रेमींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर असे मेसेज फिरायला लागतात. त्यात गाव नसतं, कुत्र्याचं वजन नसतं, हिमोग्लोबिन किती तेही नसतं. आठवड्याने तोच मेसेज दुसऱ्या ग्रुपवरून परत येतो आणि ते कुत्रं जगलं की गेलं हे कुणालाच माहीत नसतं.

डोनर कुत्र्यांची यादी सांभाळणाऱ्या गटात काम करताना एक गोष्ट सतत दिसते. रक्त द्यायला तयार असलेली माणसं मिळतात, त्यांची धडधाकट कुत्रीही मिळतात. वेळ जातो तो त्या कुत्र्याच्या तपासण्या झालेल्या नसतात म्हणून. गोचीड तापाच्या साथीत घाईघाईने आणलेलं डोनर कुत्रं स्वतःच रक्तात बबेसिया (गोचिडातून येणारा, तांबड्या पेशी फोडणारा परजीवी) घेऊन फिरत असतं. त्यामुळे या लेखात रक्त चढवण्याइतकंच त्याआधीच्या तयारीबद्दलही आहे. सुई टोचणं, मात्रा ठरवणं हे काम पशुवैद्यकाचंच. पण काय चाललंय हे पालकाला समजलं तर तो योग्य प्रश्न विचारतो, आणि त्याने पुष्कळ फरक पडतो.

आधी ठरवा: रक्त खरंच लागणार आहे का?

रिपोर्टमध्ये दोन आकडे बघायचे, हिमोग्लोबिन आणि पीसीव्ही. पीसीव्ही म्हणजे एकूण रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के. निरोगी कुत्र्यात तो साधारण ३७ ते ५५ असतो, मांजरात त्याहून कमी, साधारण ३० ते ४५. रिपोर्टवर नुसतं हिमोग्लोबिन असेल तर त्याला तीनने गुणा, पीसीव्हीचा अंदाज येतो. हिमोग्लोबिन ४ म्हणजे पीसीव्ही १२ च्या आसपास.

अपघातात किंवा अंतर्गत रक्तस्रावात पीसीव्ही २० च्या खाली घसरला तर बहुतेक डॉक्टर रक्ताचा विचार सुरू करतात. आजार हळूहळू वाढत गेला असेल, उदाहरणार्थ जुना गोचीड ताप किंवा मूत्रपिंडाचा विकार, तर शरीर कमी रक्तावर चालायला शिकलेलं असतं. अशी कुत्री १३-१४ पीसीव्हीवरही शेपूट हलवतात. म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नका. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्यात का, बसल्या जागी धाप लागते का, नाडी धावते का, उभं राहताना कोलमडतं का, हे बघा. आकडा आणि लक्षणं दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर थांबू नका.

आता प्लेटलेटबद्दल, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. एर्लिकियाच्या, म्हणजे गोचिडातून येणाऱ्या एका जिवाणूच्या, तापात प्लेटलेट धडाधड खाली येतात आणि पालक डोनर शोधत सुटतात. पण किलोमागे १० मिली ताजं रक्त दिलं तरी प्लेटलेटचा आकडा फार तर दहा हजारांनी वाढतो, आणि त्या प्लेटलेटही फार काळ टिकत नाहीत. हिमोग्लोबिन बरं असेल आणि कुठून रक्त वाहत नसेल, तर १८ हजारांच्या आकड्यावर रक्त चढवून काही साधत नाही. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक वेळेवर सुरू झालं तर बऱ्याच कुत्र्यांचे प्लेटलेट काही दिवसांत स्वतःहून वर येतात. नाकातून, लघवीतून किंवा शीमधून रक्त जात असेल आणि त्यामुळे हिमोग्लोबिनही पडत असेल, तर गोष्ट वेगळी.

उंदराच्या औषधाचं प्रकरण मात्र फसवं असतं. ब्रोमॅडिओलोनसारखं विष पोटात गेल्यावर पहिले दोन-तीन दिवस कुत्रं ठणठणीत दिसतं. मग एकाएकी हिरड्यांतून, नाकातून किंवा छातीच्या पोकळीत रक्तस्राव सुरू होतो. इथे तांबड्या पेशींच्या जोडीला रक्त गोठवणारे घटकही हवे असतात. ते ताज्या रक्तात किंवा गोठवून ठेवलेल्या प्लाझ्मात (रक्तातला पेशींविना द्रव भाग) मिळतात, फ्रीजमध्ये बरेच दिवस ठेवलेल्या रक्तात पुरेसे उरत नाहीत. सोबत व्हिटॅमिन के-१ कित्येक आठवडे चालू ठेवावं लागतं. ते मध्येच बंद केलं की रक्तस्राव पुन्हा सुरू होतो.

मांजरांची कारणं वेगळी. पिल्लांमध्ये नुसत्या पिसवांनीसुद्धा जीवघेणा अशक्तपणा येतो. मोठ्या मांजरांत हिमोप्लाझ्माचा (तांबड्या पेशींवर वाढणारे जिवाणू) संसर्ग, फेलाइन ल्युकेमियाचा विषाणू, मूत्रपिंडाचे विकार. आणि एक पूर्णपणे माणसाने ओढवून घेतलेलं: तापाला म्हणून दिलेली पॅरासिटामॉलची गोळी. मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाही, रक्ताचा रंग तपकिरी पडतो, हिरड्या चॉकलेटी दिसतात, तोंड सुजतं. माणसाच्या मात्रेची एक गोळीही मांजराचा जीव घ्यायला पुरते. कांदा-लसूण घातलेल्या रश्श्यानेही तांबड्या पेशी फुटतात, कुत्र्यांच्याही.

कारण काहीही असो, रक्ताने आजार जात नाही. औषधाला काम करायला चार दिवस मिळतात, एवढंच. म्हणून 'रक्त मिळेपर्यंत औषध थांबवू' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

रक्तगट: कुत्र्याचा नियम मांजराला लावू नका

कुत्र्यांमध्ये सगळ्यात महत्त्वाचा गट डीईए १. तो पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह असतो. कुत्र्यांच्या रक्तात या गटाविरुद्ध जन्मजात अँटिबॉडीज नसतात. म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच रक्त घेणाऱ्या कुत्र्याला, गट न तपासता दिलं तरी, लगेच जीवघेणी प्रतिक्रिया सहसा येत नाही. मात्र चुकीचा गट गेला तर शरीर अँटिबॉडीज बनवायला लागतं. पहिल्या रक्तानंतर चार दिवस उलटले की दुसऱ्या वेळी क्रॉसमॅच (दोघांचं रक्त जुळतं का हे आधी थोड्या नमुन्यावर तपासणं) केल्याशिवाय एक थेंबही द्यायचा नाही. 'मागच्या वेळी याच डोनरचं चाललं होतं' हा युक्तिवाद इथे निरुपयोगी, कारण मागच्या वेळी अँटिबॉडीज नव्हत्या, आता असू शकतात.

मांजरांत तीन गट: ए, बी आणि क्वचित एबी. मांजराच्या रक्तात दुसऱ्या गटाविरुद्ध अँटिबॉडीज जन्मानंतर काही महिन्यांतच आपोआप तयार होतात, आधी रक्त दिलेलं असो वा नसो. बी गटाच्या मांजरातल्या तर इतक्या जहाल की ए गटाचं एक मिली रक्तही जीव घेऊ शकतं. त्यामुळे 'थोडंसं देऊन बघू' हा प्रयोग मांजरावर कधीच नको. दोघांचा गट तपासायचा आणि क्रॉसमॅचही करायचा, कारण या तीन गटांपलीकडेही न जुळणारे घटक असतात.

कधीकधी कुत्र्याचं रक्त मांजराला दिल्याचं कानावर येतं. ते खरं आहे, पण तो शेवटचा उपाय. दिलेल्या पेशी जेमतेम चार-पाच दिवस टिकतात, आणि त्यानंतर दुसऱ्यांदा दिलं तर प्रतिक्रियेने मांजर दगावतं. माणसाचं रक्त मात्र दोघांनाही चालत नाही. हा प्रश्न फार वेळा विचारला जातो, म्हणून लिहिलं.

डोनर कोण होऊ शकतं

कुत्रं १ ते ८ वर्षांचं, साधारण २५ किलोच्या पुढचं, लसी आणि जंताचं औषध वेळेवर झालेलं, कुठलंही औषध चालू नसलेलं, स्वतः कधी रक्त न घेतलेलं. मादी गाभण किंवा दूध पाजणारी नको, माजावर असतानाही टाळतात. पीसीव्ही ४० च्या वर हवा. स्वभाव हा मला तितकाच महत्त्वाचा निकष वाटतो. दहा मिनिटं मान स्थिर धरू देणारं लॅब्रॅडॉर हे झोपेचं इंजेक्शन लागणाऱ्या आडदांड रॉटवायलरपेक्षा केव्हाही चांगलं. देशी कुत्री साधारण १५ ते २० किलोंची. त्यांना यादीतून वगळायचं कारण नाही, फक्त घ्यायचं रक्त कमी.

मांजर ४.५ किलोच्या आसपास किंवा जास्त, घरातच राहणारं, ल्युकेमिया आणि एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती घटवणारा विषाणू) या दोन्हींसाठी निगेटिव्ह. बाहेर भटकून मारामाऱ्या करून येणारा बोका कितीही तगडा दिसला तरी डोनर नाही.

डोनर कुत्र्याच्या तपासणीत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), यकृत-मूत्रपिंडाच्या चाचण्या, रक्ताचा स्मिअर (काचेवर पसरलेला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) आणि गोचिडांमुळे होणाऱ्या आजारांच्या चाचण्या हव्यात: एर्लिकिया, अॅनाप्लाझ्मा, बबेसिया, हेपॅटोझून, शिवाय हार्टवर्म (हृदयात राहणारा जंत). दवाखान्यात दहा मिनिटांत होणारी किट सोयीची आहे, पण तिच्यात बहुधा बबेसिया नसतो. आपल्या भागात बबेसिया गिब्सोनी सर्रास आढळतो आणि वरून निरोगी दिसणाऱ्या कुत्र्यातही दडून बसतो. म्हणून पीसीआर (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) करून घ्या. त्याचा अहवाल यायला वेळ लागतो, आणि नेमकं याचमुळे हे काम आणीबाणीच्या रात्री होत नाही. वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या आधी, डोनर कुत्र्याचं हे पॅनेल करून रिपोर्ट फोनमध्ये ठेवा.

रस्त्यावरचं कुत्रं पकडून रक्त काढायची कल्पना काहीजण मांडतात. ते करू नका. त्याच्या रक्तात काय आहे कुणाला माहीत नसतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याची काळजी घ्यायलाही कुणी नसतं. केंद्राच्या पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय विभागाने २०२५ मध्ये प्राण्यांच्या रक्तपेढ्यांसाठी पहिल्यांदाच देशपातळीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. दान ऐच्छिक असावं आणि त्याबदल्यात पैसे नसावेत हे त्यांत आहे. पालकाला रिक्षाचं भाडं आणि तपासण्यांचा खर्च देणं वेगळं, 'बॅगमागे इतके' असा सौदा वेगळा.

मेसेज असा लिहा

प्राण्यांची रक्तपेढी चेन्नईच्या मद्रास पशुवैद्यक महाविद्यालयासारख्या थोड्याच ठिकाणी आहे. बाकी बहुतेक ठिकाणी फोन करून डोनर बोलवावा लागतो, म्हणजे मेसेज लिहावाच लागणार. तो असा लिहा:

"पुणे, कोथरूड. लॅब्रॅडॉर नर, ४ वर्षे, २८ किलो. बबेसिया. हिमोग्लोबिन ३.८, पीसीव्ही ११, तारीख अमुक. आधी रक्त चढवलेलं नाही. डीईए १ निगेटिव्ह. २५ किलोवरचा, तपासलेला डोनर हवा. अमुक दवाखान्यात आज रात्री ९ पर्यंत. संपर्क अमुक."

'आधी रक्त चढवलेलं नाही' हे वाक्य विसरू नका. डॉक्टर आधी तेच विचारणार. आणि डोनर मिळाला की त्याच मेसेजखाली 'मिळाला' असं लिहा, नाहीतर लोक रात्री दोन वाजताही फोन करतात.

किती रक्त लागेल

साधं गणित: किलोमागे २ मिली रक्त दिलं की पीसीव्ही साधारण एकने वाढतो. २० किलोच्या कुत्र्याचा पीसीव्ही १२ वरून २२ वर न्यायचा असेल तर २ × २० × १० = ४०० मिली. नुसत्या तांबड्या पेशींची पिशवी असेल तर साधारण निम्मं. पीसीव्ही नॉर्मल करण्याचा हट्ट नको. धाप थांबेल, कुत्रं डोकं वर करेल, इतकं पुरतं.

४ किलोच्या मांजराला १२ वरून २० वर न्यायला ६४ मिली लागतात. एक डोनर मांजर जेमतेम ५० मिली देतं. तेव्हा बहुधा ५० वरच भागवावं लागतं, आणि ते भागतंही.

डोनरकडून रक्त घेताना

आदल्या चार-सहा तासांत खायला देऊ नका, पाणी चालेल. पोटभर खाल्लेल्या कुत्र्याचं रक्त दुधाळ येतं. त्याच दिवशी पीसीव्ही पुन्हा बघायचा, सहा महिन्यांपूर्वीचा चालत नाही. मानेच्या बाजूचे केस काढून जागा निर्जंतुक करतात आणि गळ्याच्या शिरेत, म्हणजे ज्युग्युलरमध्ये, जाड सुई घालतात. पिशवी कुत्र्यापेक्षा खाली ठेवतात, ती हळूहळू हलवत राहावी लागते. कुत्र्याच्या डोक्याशी त्याच्या ओळखीचं माणूस असावं. इथे पालकाचं काम खरंच मोलाचं आहे.

किती घ्यायचं? कुत्र्यात किलोमागे साधारण ८०-९० मिली रक्त असतं. त्यातलं किलोमागे १५-१६ मिली घेतलेलं निरोगी कुत्रं सहज सोसतं. म्हणजे २५ किलोच्या कुत्र्याकडून ३५० मिलीची पिशवी निर्धास्त भरते. ४५० ची पिशवी ३० किलोच्या आसपासच्या कुत्र्याकडूनच घ्यावी असं मला वाटतं, काहीजण २५ किलोलाही घेतात. पिशवी वजनकाट्यावर ठेवायची: १ मिली रक्ताचं वजन साधारण १.०५ ग्रॅम, म्हणून ३५० मिलीला रिकाम्या पिशवीपेक्षा सुमारे ३७० ग्रॅम जास्त.

१७ किलोच्या देशी कुत्र्याकडून २५० मिलीच घ्यायचं असेल तर एक बारकावा आहे. माणसांसाठीच्या ३५० मिलीच्या पिशवीत रक्त गोठू नये म्हणून ४९ मिली सीपीडीए द्रव आधीच भरलेला असतो, म्हणजे १०० मिली रक्ताला १४ मिली. २५० मिलीला ३५ च पुरतो. उरलेला १४ मिली डॉक्टरांनी आधी काढून टाकायला हवा. नाहीतर त्या द्रवातलं जादा सिट्रेट रुग्णाच्या रक्तातलं कॅल्शियम बांधून टाकतो आणि थरथर, उलट्या सुरू होतात.

मांजराला बहुतेक वेळा गुंगीचं इंजेक्शन द्यावं लागतं, म्हणून आधी हृदयाची तपासणी केलेली बरी. रक्त सिरिंजमध्ये घेतात, किलोमागे १० ते १२ मिलीपर्यंत, आणि नंतर सलाईन देतात. असं सिरिंजमध्ये घेतलेलं रक्त साठवण्याजोगं नसतं, लगेच वापरायचं.

सुई काढल्यावर जागा काही मिनिटं घट्ट दाबून धरा. त्या दिवशी गळ्यात पट्टा नको, छातीचा हार्नेस वापरा. खायला-प्यायला द्या, एक-दोन दिवस पळापळ नको. रक्तातलं पाणी एक-दोन दिवसांत भरून येतं, तांबड्या पेशींना तीन-चार आठवडे लागतात. पुढचं दान दोन-तीन महिन्यांनी. 'रक्त दिलं की कुत्रं कायमचं अशक्त होतं' ही भीती निराधार आहे, पण दर महिन्याला त्याच लॅब्रॅडॉरच्या दारात उभं राहिलात तर ती खरी ठरेल.

क्रॉसमॅच: विचारून घ्यायचीच गोष्ट

दोघांचं थोडं रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत घेतात. डोनरच्या तांबड्या पेशी सलाईनमध्ये धुऊन रुग्णाच्या प्लाझ्मात मिसळतात, शरीराच्या तापमानाला १५ ते ३० मिनिटं ठेवतात, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. गुठळ्या दिसल्या किंवा द्रव लाल झाला तर तो डोनर बाद. सोबत रुग्णाच्याच पेशी त्याच्याच प्लाझ्मात मिसळून बघतात, कारण काही आजारांत, बबेसियातही, रुग्णाचं रक्त स्वतःहूनच गुठळ्या करतं आणि मग निकाल वाचता येत नाही. यंत्र बहुतेक लॅबमध्ये असतं, किंमतही फार नाही. तरीही वेळेच्या नावाखाली ही पायरी गाळली जाते. डॉक्टरांना सरळ विचारा: क्रॉसमॅच झाला का?

रक्त चढवताना

फ्रीजमधून काढलेली पिशवी गरम पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये घालायची नाही, पेशी फुटतात. खोलीच्या तापमानाला थोडा वेळ ठेवली की झालं. रक्त दुसऱ्या दवाखान्यातून आणायचं असेल तर थर्मासच्या डब्यात आणा, बर्फाचा पॅक आणि पिशवी यांच्यामध्ये टॉवेल ठेवा. बर्फाला चिकटून गोठलेलं रक्त फेकून द्यावं लागतं.

सलाईनचा साधा सेट चालत नाही, गाळणी असलेला रक्ताचाच सेट हवा. त्याच नळीतून रिंगर लॅक्टेट किंवा डेक्स्ट्रोज जाऊ देऊ नका. पहिल्यातलं कॅल्शियम रक्त गोठवतं, दुसऱ्याने पेशी खराब होतात. फक्त नॉर्मल सलाईन.

सुरुवात अगदी हळू. २० किलोच्या कुत्र्याला पहिला अर्धा तास मिनिटाला तीन थेंबांच्या आसपास. या अर्ध्या तासात शेजारून उठू नका. काही झालं नाही तर वेग मिनिटाला ३५-४० थेंबांवर नेतात. एकूण काम चार तासांत संपायला हवं, त्यापुढे पिशवीत जंतू वाढायची भीती. हृदयविकार असलेल्या किंवा फार दिवस अशक्त असलेल्या प्राण्याला वेग बराच कमी ठेवतात. त्याला लागणारं रक्त चार तासांत जात नसेल तर ते दोन भागांत द्यायचं.

पहिला तास दर पंधरा मिनिटांनी आणि नंतर अर्ध्या तासाने ताप, नाडी, श्वास आणि हिरड्यांचा रंग लिहून ठेवा. एका वहीत, वेळ घालून. ताप एक अंश सेल्सिअसने चढला, तोंड सुजलं, अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली, थरथर सुटली, लघवी लाल किंवा चहाच्या रंगाची झाली, खोकला आला किंवा धाप वाढली, तर आधी नळीची चावी बंद करा, मग डॉक्टरांना हाक मारा. हा क्रम उलटा होऊ देऊ नका. सुई शिरेतून काढू नका, औषध देण्यासाठी ती लागणार असते. पिशवीही फेकू नका, तपासायला लागते.

दुसऱ्या दिवसापासून

पीसीव्ही काही तासांनी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघतात. अपेक्षेइतका वाढला नाही तर रक्तस्राव चालू आहे किंवा पेशी फुटताहेत. तीन ते चौदा दिवसांत डोळे-कान पिवळे पडले, लघवी गडद झाली किंवा आकडा एकदम खाली आला तर उशिरा आलेली प्रतिक्रिया असू शकते, लगेच दाखवा.

घरी आल्यावर लसीकरणाच्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा: रक्त दिल्याची तारीख, किती मिली, डोनरचा गट, काही प्रतिक्रिया आली का. पुढे कधी दुसरं शहर, दुसरा डॉक्टर आला तर त्याला हे एका नजरेत दिसायला हवं. आणि तुमचं कुत्रं पुढे कितीही धष्टपुष्ट झालं तरी डोनरच्या यादीत त्याचं नाव घालू नका. त्याच्या रक्तात आता अँटिबॉडीज असू शकतात. शेजारच्या लॅब्रॅडॉरच्या मालकाला मात्र पावसाळ्याआधीच्या तपासणीची आठवण करून द्या.